दोन थेंब तेल आणि डिस्क ब्रेक

गुरुवार, ४.
लेकीची पहिली नोकरी, सोमवारपासून, सकाळी सातला. त्या वेळी बस नाही, म्हणून सायकल. दुकानदाराने चार दिवस चालवून बघायला दिली आहे. ब्रेकची तपासणी मी अंगावर घेतली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही शेवटची सायकल चालवलीत तेव्हा मी जन्मलेही नव्हते. अनुभव मुरावा लागतो, हे तिला कोण सांगणार.

संध्याकाळी.
डिस्क ब्रेक दाबला की किंचाळतो. गल्लीतली कुत्री त्याला उत्तर देतात. हे असलं पोरीच्या हाती द्यायचं? दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, काका, नवे पॅड आहेत, आठवडाभर ओरडतील, मग आपोआप गप्प बसतील. तुम्ही फक्त हात लावू नका. गिऱ्हाईकाला गुंडाळायची जुनी तऱ्हा.

शुक्रवार, ५.
पूर्ण विचारांती निर्णय: हात लावायचा नाही.

सायं. ६.
हात लावला. बायकोच्या शिलाई मशीनचं तेल, दोन्ही चाकांच्या ब्रेकवर दोन-दोन थेंब. (बाटली निसटली. अर्धी गेली.) आवाज साफ बंद! बायकोने विचारलं, आवाज गेला, पण ब्रेक लागतोय ना? प्रश्नाचा सूर आवडला नाही.

शनिवार, ६. स. ७.
उतारावर अंतिम चाचणी. हेल्मेट अनावश्यक.

स. ७.१०.
ब्रेक अत्यंत शांत. ओरडलो तो मी. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंपणात थांबलो. बाई म्हणाल्या, अहो, ब्रेक मारायचा ना! मारला होता. दोन्ही.

दुपारी.
डावा पाय भोपळ्याएवढा. सायकलला ओरखडाही नाही. ब्रेक मुळातच सदोष, असा अहवाल लेकीला दिला. ती सायकल घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने पॅडचा वास घेतला आणि विचारलं म्हणे, घरी शिवणकाम कोण करतं? लेकीने सांगितलं, शिवण आईचं, तेल बाबांचं. पॅड फुकट गेले. नवे सोमवारी दुपारी येणार.

रविवार, ७.
संकल्प: उद्या लेकीला मी स्वतः चालत पोचवणार.

सोमवार, ८.
लेक साडेपाचला एकटीच चालत गेली. मी दारापर्यंत पोचलो, भिंत धरून. ती म्हणाली, बाबा, बसा. बसलो.

मंगळवार, ९. स. ६.३०.
नवे पॅड बसले. लेक सायकलवर निघाली. मी खिडकीत, पाय स्टुलावर. वळणावर ब्रेक किंचाळला. म्हणजे थांबली. कुत्री भुंकली. जिवात जीव आला.
तेलाची बाटली बायकोने कपाटात कुलूपबंद केली आहे. कशासाठी, कळत नाही. नवा ब्रेक ओरडायलाच हवा, हे तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.