डावीकडचा काळोख

सर, आज वर्गात पुन्हा त्या चित्राचा फोटो दाखवला, सफाईआधी तुम्ही काढून ठेवलेला. एकोणिसाव्या शतकातलं विलायती कुरण, संध्याकाळ, ओढ्यावर पाच गाई आणि डावीकडे झाडांचा गच्च काळोख. "सगळ्या गाई डावीकडेच का बघतायत?" चित्र आपल्याकडे सफाईला आलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं. मी आपली आभाळाच्या सोनेरी रंगावर खूश. मग तुम्ही दाखवलंत, झाडाखाली जेमतेम दिसणारा गुराखी बसलाय. "तो आहे म्हणून गाई निवांत आहेत. तो नीट दिसत नाही म्हणून आपण नाही. सगळं चित्र त्याच्यावर तोललंय."

दुसऱ्या दिवशी बाहेर जाताना तुम्ही दारातून बजावलंत, "मी आल्याशिवाय डावीकडे हात लावायचा नाही." मी मान डोलावली. पण आभाळ माझ्या हातून छान उजळलं होतं, आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा. डावीकडे फिरवलेला कापसाचा बोळा तपकिरी होऊन येतोय, मला वाटतंय जुनं वार्निश निघतंय. तो चित्रकाराचाच पातळ रंग होता. अर्ध्या तासात झाडं हिरवीगार झाली, संध्याकाळची दुपार झाली आणि गुराखी पुसला गेला. गाई आता कुणाकडेच बघत नव्हत्या. तुम्ही आलात आणि माझ्या हातातला बोळा काढून घेतलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. चित्राच्या मालकांना म्हणालात, "गलती मेरी है, हाथ मेरा था." त्यानंतर दिल्लीत तुम्हाला कुणी चित्र दिलं नाही. गाझियाबादच्या एका फ्रेमवाल्याकडे देवांच्या तसबिरी काचेत बसवत तुमची शेवटची वर्षं गेली, आणि मी तुमच्याच शिफारशीवर इथे शिकवायच्या नोकरीला लागले. लाज वाटते, सर.

आज एका मुलीने विचारलं, "मॅम, आपके सर को दिखा नहीं था क्या?" मी म्हणाले, "उम्र हो गई थी, नज़र कमज़ोर थी." दरवर्षी हेच सांगते.

तुमच्यामागे काकू इथेच दिल्लीत, द्वारकेला मुलाकडे असतात. त्यांना वाचून दाखवायचं म्हणूनच हे लिहायला बसले होते. त्यांनाही अजून ती चूक तुमचीच वाटते. दर दिवाळीला त्या माझ्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवतात आणि शेजारणींना सांगतात, "ह्यांची एवढी एकच विद्यार्थिनी, अजून येते बिचारी." नाही दाखवणार, सर. मला तो डबा हवा आहे.