दादाच्या खाजेवर औषध

३ फेब्रुवारी

पुन्हा तोंडावर आपटले. लॅबमधली उंदीरवाली (जीवशास्त्रज्ञ आहे, पण हे नाव तिनेच लावून घेतलंय) सकाळीच टेबलाशी आली. म्हणाली, तुझा नवा रेणू दिला आणि दिवसा झोपणारे उंदीर टक्क जागे बसलेत.

म्हणजे औषध परत भलत्याच्याच गळ्यात पडलं. खाज-शिंका आणणारं अंगातलं रसायन म्हणजे हिस्टामीन; ते पेशींवर ज्यांना चिकटतं ते रिसेप्टर चार – सख्खे भाऊ, नाकीडोळी सारखे. मला फक्त चौथ्याला गप्प करायचंय, कारण खाज उठवण्यात त्याचा हात असतो. तिसरा मेंदूत बसून झोप-जाग सांभाळतो, त्याच्या वाटेला जायचंच नाही. आणि माझे रेणू नेमके त्यालाच धरतात!

खाज घालवायला निघाले, झोप घालवली. परीक्षेच्या दिवसांत खपेल.

९ फेब्रुवारी

दादाकडे गेले. वर्षभर डायलिसिस चालू आहे, आणि अंगभर खाज. नेहमीच्या गोळ्या पहिल्या भावावर चालतात, दादाला उपयोग शून्य. पाठभर ओरखडे. वहिनी त्याची नखं कापत होती.

औषध कुठवर आलं, असं त्याने विचारलं. मी लगेच मास्तरीण झाले – कागदावर चारही भाऊ काढून समजावले. तो ऐकत होता आणि खाजवत होता.

"तुझा तो चौथा माझ्या पाठीत राहतो," म्हणाला. "कधीतरी भेटायला ये त्याला."

सगळे हसलो. मग मी आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

२० फेब्रुवारी

धुळीने शिंका. घरात होती ती सर्दीची जुनी, स्वस्त गोळी घेतली – मेंदूत शिरून झोपवणारी. साहेब नेमक्या एकाच भावाला धरणाऱ्या औषधांचं महत्त्व सांगत असताना मी मीटिंगमध्ये घोरले. हिस्टामीनची तज्ज्ञ!

६ मार्च

जमलं! रेणूवरचा मिथाइल गट, म्हणजे चार अणूंचा चिमुकला तुकडा, उचलून शेजारच्या अणूवर ठेवला, बस. चौथ्याला घट्ट धरतो, तिसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. उंदीर गाढ झोपले. उठल्यावर खाजवणंही कमी.

वहिनीला फोन करायला हात शिवशिवत होते. केला नाही. शहाणपणा वगैरे नाही, रेंज नव्हती. शहाणपणा नंतर सुचला.

१७ एप्रिल

उंदरांची यकृतं सुजली. साहेबांनी प्रकल्प बंद केला. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१८ एप्रिल

काही नाही.

२२ एप्रिल

दादाला सांगायला गेले. बसमध्ये भाषण तयार केलं होतं. दोन वाक्यांतच त्याने तोडलं.

"उंदीर बरे आहेत ना?"

नाहीत म्हटलं.

वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आली. हळू आवाजात म्हणाली, डॉक्टर नवं मूत्रपिंड बसवा म्हणतात. बसलं की खाजही बहुतेक थांबते. तिचं जुळलं नाही. आणि मला काही सांगायचं नाही, असं दादाने बजावलंय.

"मी तुला काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

मीही काही ऐकलेलं नाही. उद्या तपासणीसाठी रक्त द्यायला जातेय.

१३ मे

रिपोर्ट आले. माझं मूत्रपिंड दादाला चालतंय. मी डिझाइन केलेलं नाही, म्हणून असेल.

दादा फोनवर नाही, नाही म्हणत राहिला. मग नुसताच रडला. ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकली.