फुलीची पेटी

३ जानेवारी १९२९
मोडनिंबहून सोलापुरास आलो. आता सोजरकडेच राहायचे. माझी एकुलती एक लेक. जावई भीमा गिरणीत आहे, मला मामा म्हणतो. दारावर घोड्याची नाल ठोकलेले छोटे घर. सोजरने काम आधीच पाहून ठेवले होते: वेणीमाधवरावांच्या फोटोच्या दुकानात काचा धुणे. रावांनी नवा कॅमेरा पारखायला मलाच दारात उभे केले, हलू नका म्हणाले. घरी सांगितले तर सोजर म्हणाली, आप्पा, तुमी आन् गप हुबं? लई नवल की. जेवायला तीन ताटे. मी मोजली: लाभ, दोन, तीन. बाजारात धान्य मोजणारा मापाडी एकाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. चाळीस वर्षांची सवय.

५ जानेवारी
काम समजले. रावांनी वीस वर्षे इथल्या रस्त्यांचे फोटो काढले, ते काचांवर आहेत. आता रस्ते रुंद झाले, जुने कोणी मागत नाही. काच कढत सोड्याच्या पाण्यात ठेवली की वरचा पापुद्रा सुटतो. कोरी काच देवांच्या तसबिरींना जाते. काचेवर सगळे उलटे असते: तोंडे काळी, केस पांढरे, उजवे डावीकडे. राव बजावून गेले, खडूची फुली असलेल्या पेटीला हात लावायचा नाही, ती ठेवणीतली. मला विसरायची धास्ती, म्हणून इथे लिहिले.

८ जानेवारी
काल धुतलेल्या एका काचेवर आमच्या कोपऱ्यावरचा आड होता. शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई, म्हणजे काशम्माच. रोज तिच्याकडून वांगी घेतो. दात नसलेल्याला वांगीच बरी, असे ती चिडवते. आज तिथे आड नाही, काशम्मा नाही. सपाट जमीन, वर जुने गवत. सोजर म्हणाली, हितं आड कवा व्हता? काशम्मा कोन? सपान पडलं असंल तुमाला. भीमा हसला. म्युन्शिपालटीने बुजवला असेल, असे मनाला सांगितले. पण गवत जुने होते.

११ जानेवारी
हातून चूक झाली. बाजारात माप झालेल्या पोत्यावर खडूने फुली मारतात. फुलीचे पोते आधी उचलायचे. मन थाऱ्यावर नव्हते, हातांनी फुलीची पेटी उचलली. चौथ्या काचेवर नळ, घागर घेतलेली बाई, मागे दार. केस पांढरे, म्हणून कोणी म्हातारी समजलो. धुऊन झाल्यावर ध्यानात आले, पांढरे म्हणजे काळे. आणि दारावर नाल होती.
धावत घरी गेलो. भीमा एकटाच भाकरी थापत होता. सोजर कुठे, विचारले. म्हणाला, कोन सोजर? मग मी तुझा कोण, विचारले. म्हणाला, तुमी भाडेकरू की, म्हातारबा.
लाभ, दोन.

१२ जानेवारी
रावांना विचारले. म्हणाले, तुम्ही एकटेच काम मागायला आलात, कोणी बाई नव्हती. ती काच धुतलेले पाणी मोरीत गेले होते. मोरीत हात घालून पाहिले. कोरडी.

१४ जानेवारी
सकाळी वहीत सोजर हे नाव वाचले. कोण ती— अक्षर माझेच आहे. लेक, असे लिहिले आहे. चेहरा आठवत नाही. काळे तोंड, पांढरे केस, एवढेच. रडू येईल असे वाटले. आले नाही.

१५ जानेवारी
आज वही तीनदा वाचली, तेव्हा सोजर कोण ते कळले. उद्या वाचूनही कळले नाही तर—
माझी काच सापडली. दुकानाच्या दारात उभा. केस काळे, तरणा दिसतो. ती गेली तिकडे जायला दुसरी वाट—

१५, दुपार
राव जेवायला गेले. पाणी कढत आहे. माझी काच पायांकडून बुडवायला सुरुवात केली. दुखत नाही. खाली पाहिले नाही.
छातीपर्यंत झाले. उजवा हात ठेवला आहे, लिहायला. का डावा— काचेवर उलटे असते—
बोटे हलकी—
सोजर. सोजर माझी लेक. तिकडे गेलो की ताटे मोजीन. लाभ, दो