थुंकायचा मान

१८ जानेवारी

लिहायचं लिहायचं म्हणून दिवाळी गेली, संक्रांतही गेली. वही पेटीवर पडून. आई तिच्यावर गरम टोप ठेवते, कव्हरवर काळी गोल खूण उठलीय. आळस म्हणा. खरं तर राग आला की मला लिहिता येत नाही, आणि ऑक्टोबरपासून राग गेलेलाच नाही. आज बसलेय, कारण परवा निकाल.

थुंकीचा निकाल. हो.

ऑक्टोबरात पुण्याच्या एक मॅडम आल्या होत्या (पुढे मॅ., एवढं कोण लिहीत बसणार). आईकडून पोरांत जे उतरतं त्याचा शोध घेतात. मी तेव्हा नुकतीच आरे-वारेच्या हॉटेलातली नोकरी सोडलेली. तिसरी. आधी चिपळूणचं पार्लर, त्याआधी गोव्यात पर्यटकांना टोप्या विकणं. बारावीचं इंग्रजी अजून अडकलेलंच. पण स्कूटी होती, रस्ते पाठ होते. मॅ.ना मागे बसवून वाड्या फिरवल्या.

आमच्या वाडीत देवळासमोर टेबल मांडलं. मॅ.नी तीनदा सांगितलं, यात बापाची रेघ नाही दिसत. आई, तिची आई, तिची आई, असं मागं जातं. कोण ऐकतंय. तात्या गावकर, वाडीचे पहिले मानकरी, उठले. "घराण्याची परीक्षा हाय. म्हणजे मानाप्रमाणंच व्हायला पायजे." पालखीला खांदा ज्या क्रमानं, त्याच क्रमानं बाटलीत थुंकायचं ठरलं. पहिली बाटली तात्यांची; त्यांची म्हातारी आई घरीच, तिला कोणी आणलंच नाही. दुसऱ्या नंबरावरून दोघा मानकऱ्यांचं जुंपलं, त्यातला एक तोंडात थुंकी साठवून भांडत होता, त्यामुळे काय म्हणतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुरुष संपल्यावर बायका. बायका संपल्यावर माझी आई. एक ते एकेचाळीस.

मॅ.नी मला हळूच विचारलं, "क्रम एवढा महत्त्वाचा आहे का?"

म्हटलं, "मॅडम, इथं मसणातपण क्रम आहे."

आई शेवटी का, ते लिहायलाच नको, पण लिहिते. आईला माहेर नाही. तिची आई मांडवीला एका खानावळीत भांडी घासायची. सुनंदा नाव, तेही लग्नात ठेवलेलं. कुठून आली, कोणाची, हे तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बाबांनी आईशी लग्न करून तिला वाडीत आणलं, तेव्हा गावकीनं ठरवलं, हिचं मूळ कळेपर्यंत देवीची पालखी या दारात थांबायची नाही. सव्वीस वर्षं झाली. मुंबईला ड्युटीवर असताना बाबा गेले, तरी ठराव आहे तिथंच. शिमग्यात ढोल जवळ येतो आणि आमच्या बांधावरून वळतो. आई तरी दरवर्षी अंगण सारवते, खण-नारळ ताटात काढून ठेवते. ते ताट बघितलं की मला गावकीपेक्षा तिचाच जास्त राग येतो.

२० जानेवारी

झालं.

मॅ.नी प्रत्येकाला बंद पाकीट दिलं आणि देवळाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. गोल, गोलांना फांद्या; एका आईच्या रेघेतले एका गोलात. नावं नाहीत, फक्त नंबर. म्हणे गुप्तता. चांगली बाई आहे, पण तिला वाडी माहीत नाही. इथं प्रत्येकाला स्वतःचा नंबर पाठ आणि शेजाऱ्याचा त्याहून पाठ. मान आहे तो!

आधी त्यांनी गोष्ट सांगितली. जगातल्या सगळ्या आयांची रेघ मागं मागं नेली तर आफ्रिकेतल्या एका बाईपाशी जाते. तिच्या लेकींच्या लेकी निघाल्या, बऱ्याच जणी समुद्र धरून चालत आल्या असाव्यात, शिंपल्या-कालवं खात, पिढ्यान्‌पिढ्या. मला फार आवडलं. म्हणजे एका जागी बसवत नाही हा माझा दोष नाही, वरून आलंय. तेवढ्यात मी कालव्यांचाच विचार करत बसले, भूकही लागली होती, आणि पुढचं ऐकायचं राहिलं.

भानावर आले. सगळे तक्त्याकडे बघतायत. उजव्या कोपऱ्यात एक लाल गोल, एकटा. त्यात दोनच नंबर.

१ आणि ४१.

मागून कोणीतरी बोललं, "तात्यानूं, एकेचाळीस कोण वो?" आणि हसलं.

तात्या तांबडे झाले. "माझं मूळ वहीत लिवलेलं हाय! सात पिढ्या!"

"ते वडिलांकडचं," मॅ. म्हणाल्या. "हे तुमच्या आईचं."

"आमची आयस मोठ्या घरातनं आलेली."

"कुठल्या?" हे मी. जीभ थांबत नाही माझी.

"तू गप बस गो. भटकभवानी."

देवळात पन्नास माणसं, एकालाही ठाऊक नाही. तात्यांच्या म्हातारीचं लग्नाआधीचं नाव विचारलं, तेही नाही. नवरीचं नवं नाव तांदळात बोटानं लिहितात, त्या तांदळाचा मग भात होतो, जुनं नाव कोण ठेवतो. सात पिढ्यांच्या वहीत बायका आहेत, पण 'अमक्याची बायको' अशा. वाडीनं जिची परीक्षा करून घेतली ती रेघ वाडीच्या वहीत नाहीच. आणि हे मानकरी छाती काढून तिच्यासाठीच थुंकायला गेले पहिल्या नंबरानं!

मी हसले. चूक झाली.

२४ जानेवारी

बाटल्या डब्यात मी भरल्या होत्या. म्हणून बाटल्या मी बदलल्या. गावाचं गणित.

नळावर आई गेली की बायकांचं बोलणं थांबतं. गिरणीवाला, मागे जातं घरघरत असताना, म्हणाला, "लाईट नाय आज." मी तिथंच उभी राहिले दहा मिनिटं, त्याचं पीठ बघत. तोपण बघत होता. निर्लज्ज.

मॅ.ना फोन. त्या म्हणाल्या, दोघांचं अक्षर न् अक्षर जुळतं आणि ही फांदी त्यांना फारशी कुठं भेटलेली नाही. "मग तात्यांची आई आणि माझी आजी सख्ख्या बहिणी?" "असू शकतील. किंवा पाचशे वर्षांपूर्वीची एकच बाई दोघींच्या मागं असेल. यावरून तारीख सांगता येत नाही, पल्लवी."

एवढं शिकून तारीख सांगता येत नाही!

३१ जानेवारी

मांडवीला गेले. आजीच्या खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान. बाजूच्या म्हाताऱ्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "भांडी घासणारीला गाव कोण विचारतो?" आणि परत मशीनवर पाय.

मग घरी यायचं सोडून जेट्टीवर बसले. एक बाई एका हातानं फोनवर भांडत दुसऱ्या हातानं सुंगटं सोलत होती, कोळंबीच्या सालांचा ढीग पायाशी, एकही मोडलं नाही. तासभर तेच बघत. शोध राहिला बाजूला. माझं हे असंच.

९ फेब्रुवारी

तात्या आले. अंगणात उभे राहिले, पडवीवर पाय नाही. सोबत टाइप केलेला कागद. 'मी पल्लवी अमुक लिहून देते की पहिली व शेवटची बाटली मी जाणूनबुजून बदलली.'

"सही कर. या शिमग्याला पालखी दारात आणतो. माझा शब्द."

"आणि नाही केली तर?"

"तर तुझी आयस मरेपर्यंत वाट बघंल."

आई दाराच्या मागं उभी होती. त्यांना माहीत होतं. तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलले. हलकट माणूस.

म्हटलं, "तात्यानूं, मशीन खोटं असेल तर घाबरताय कशाला? परत थुंका की."

कागद तुळशीच्या कठड्यावर ठेवून गेले. वर दगड.

११ फेब्रुवारी

आईशी भांडण. मोठं.

ती म्हणाली, सही कर. मी म्हटलं, अगं तुला पहिल्यांदा कोणीतरी मिळतंय, माहेरचं माणूस, गावकराच्याच घरात! सही केली की ते पुसलं. ती म्हणाली, "असलं माहेर काय करायचंय, जे अंगणातनं वर येत नाय? मला देवी पायजे दारात. एकदा ओटी भरू दे माझ्या हातानं."

"खोटं लिहून?"

"तुझं बरं हाय. तू कंटाळलीस की स्कूटी काढतेस. मी हय वाडीत राहते."

मी ओरडले. मग स्कूटी काढली. पाखाडीचा उतार संपल्यावर कळलं की तिचंच म्हणणं खरं करतेय. तरी गेले.

२२ फेब्रुवारी

मॅ. म्हणतात, तात्यांच्या आईनं स्वतः काही सांगितलं तर सगळं सुटेल. कुठलं गाव, किती बहिणी. यंत्रापेक्षा ते बरं. मी जाऊन आले. सून दारातच. "झोपल्यात." सकाळी दहाला? "झोपल्यात." आतून खोकला ऐकू आला. जागं माणूस खोकतं तसा.

वाडीत बोलतात, तक्त्याच्या दिवसापासून म्हातारी नीट जेवत नाही. तात्या तिला देवळापर्यंतसुद्धा सोडत नाहीत. ऐंशीच्या वर असेल. मी जन्मात तिचं एक वाक्य ऐकलेलं नाही.

एक विचार येतो, लिहून टाकते. ही रेघ म्हाताऱ्यापाशी थांबते, तात्यांपाशी. पुरुषाकडून पुढं जात नाही. आणि त्यांना बहीण नाही. म्हणजे त्यांच्या आईची रेघ वाडीत पुढं न्यायला उरलं कोण? मी. बिनलग्नाची, बारावी नापास. त्यांनी कागद मलाच आणून द्यावा! हसू येतं आणि मग येत नाही.

३ मार्च

होळी लागली. बोंबा मारताना पोरांनी आईचं नाव घेतलं. मोठी माणसं तिथंच होती. एकानंही गप केलं नाही.

५ मार्च

पालखी घरं घेऊ लागली. परवा आमच्या बाजूला. तात्यांचा निरोप, "कागद उद्यापर्यंत."

बॅग भरून ठेवलीय. सही करून जायचं की न करता, एवढंच ठरायचंय. गोव्यातली मैत्रीण म्हणते ये. काल माझ्यासाठी आईनं घावणे केले आणि स्वतः खाल्ले नाहीत. ही तिची भांडायची रीत.

६ मार्च

तात्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाय, कशाला हट्ट? एक सही." त्याला कागद फाडते म्हणाले. फाडला नाही. फाडायलाही जमेना, सही करायलाही जमेना. असली मी.

७ मार्च

सकाळ. ढोल वरच्या वाडीत आहे, दुपारी इकडं येईल. वळेल किंवा येईल.

सात वाजता आईकडे बघितलं. ती ताट पुसत होती. रिकामं ताट, पुन्हा पुन्हा. मला ते सोसवेना. कागद घेतला, पडवीत बसले, पेन काढलं. गेलं चुलीत ते मूळ. सव्वीस वर्षं एका बाईनं वाट बघायची आणि मी खरेपणा मिरवायचा? 'प' काढला. काना-मात्रा नसलेला एक 'प'. तिथं हात थांबला.

कारण मागच्या दारी आई कोणाशी तरी बोलतेय. नाही, आई बोलत नाहीये, दुसरंच कोणी बोलतंय.

जाऊन बघून आले. घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

तात्यांची आई आलीय. एकटी. रस्त्यानं नाही, सुकलेल्या शेतातनं, बांध धरून, काठी टेकत. पदराला गोखरू चिकटलेत. धाप लागलीय, तरी बसायला तयार नाही. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघतेय, डोळ्यांनी कमी दिसत असल्यासारखं अगदी जवळून.

म्हणाली, "चंद्रीची लेक ना गो तू?"

हे नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. तांदळात 'सुनंदा' लिहिण्याआधीचं आजीचं असणार.