मनगटावरची गाठ

॥ श्री ॥
धार, २ फेब्रुवारी १९०८

तीर्थरूप सौ. सुभद्राताईस,
नीलकंठाचे साष्टांग नमस्कार वि. वि. तू देवासला सुखरूप पोचलीस, हे यशवंतराव भावोजींच्या कार्डावरून समजले. धावरे या कातडी लाल करून ताप आणणाऱ्या रोगाचे जंतू कढवून, निर्बळ करून टोचायचे हे औषध मी प्रथमच वापरले, तेही सख्ख्या बहिणीवर. नऊ टोचण्यांत तुझ्या मनगटावरची गाठ लिंबाएवढीची सुपारीएवढी झाली. ताप चढतो म्हणूनच ती झिजते, हे ठाऊक असूनही, तू हुडहुडत पुरे कर म्हणालीस आणि मी थांबलो. आता ती रोज चाचपून खरे ते कळव. पत्राचा आळस नको.
कळावे, माया असू दे.
तुझा नीलकंठ

॥ श्री ॥
देवास, २० फेब्रुवारी

चि. नीलकंठास अनेक आशीर्वाद.
गाठ गेली. बोटाला लागतही नाही. काल टेकडीवर जाऊन देवीची ओटी भरली. शेजारणी डॉक्टर भियाची, म्हणजे माझ्या भावाची, फार वाखाणणी करतात; फुगू नकोस! येण्याची तसदी घेऊ नये.
आशीर्वाद आहेतच.
ताई

॥ श्री ॥
धार, १८ मे

तीर्थरूप ताईस सा. नमस्कार.
गाठ संत्र्याएवढी झाल्याचे भावोजींनी कळवले. औषध घेऊन परवा निघतो. एक कबुली देतो. तुझे पत्र वाचून मला आनंदाआधी सुटका वाटली. येऊन पाहायला हवे होते; पण गाठ असती तर पुन्हा तुला तापात लोटावे लागले असते. म्हणून आलो नाही.
रागव, पण अंतर देऊ नकोस.
नीलकंठ

॥ श्री ॥
देवास, १२ ऑक्टोबर

चि. नीलकंठास आशीर्वाद.
डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नये. दुसऱ्या खेपेस औषध लागू पडले नाही आणि इंदुरास उजवा हात कोपरापासून काढला, तेव्हापासून तुझी एक ओळ नाही. तुझे भावोजी म्हणतात, तू स्वतःला दोष देत दवाखानाही उघडत नाहीस.
ऐक. गाठ गेली हे मी खोटे लिहिले. ती तेव्हाही सुपारीएवढीच होती. तू दारात दिसलास की मला कापरे भरे. भावाला पाहून भ्यायचे, याची लाज वाटून लिहिले. तू टोचले म्हणून हात गेला नाही. मी लपवले, तू पाहिले नाहीस. दोघांनी मिळून घालवला. जीव मात्र राहिला आहे, हेही लिहून ठेव.
आता भाऊबीजेला ये. डाव्या हाताने ओवाळू नये, असे सासूबाई म्हणतात. मी ओवाळणार आहे. कुंकू लावताना ताट तेवढे तू धर.
वाट पाहते.
तुझी ताई