दोडक्याचा मांडव

चिंचणी, आषाढ १९५८

चंपाताई,

हे पत्र तुला पोचायचं नाही, तरी लिहिते.

गेल्या श्रावणात परसात दोडकी काढताना तुला साप चावला आणि डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलीस. तुला अग्नी देऊन आल्या आल्या भावोजींनी तो मांडव कोयत्याने तोडला. माघात बाबांनी माझं त्यांच्याशीच लग्न लावलं. "जमनाला सावत्र आई आणण्यापेक्षा मावशी बरी," म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

थंडीतला वाल मी एकटीने काढला, उन्हाळाभर विहिरीचं पाणी ओढून तुझी वांगी जगवली. हे परसात पाऊल टाकत नसत. माझ्याशी बोलायचे तेही जमनाच्या तोंडून.

मृगात मी दोडक्याचं बी लावलं. काल वेलाला मांडव घालायला बांबू रोवत होते, तेवढ्यात मागून हे आले. वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी बांबू हातात धरला, पायाने माती दाबली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा निवळलेला दिसला. मलाही बरं वाटलं गं.

मग म्हणाले, "चंपा, दोर जरा घट्ट आवळ."

त्यांचं त्यांना कळलंच नाही. मी दोर घट्ट आवळला.

तुझी धाकटी,
रंभा