भाजी सुधारण्याचं इंग्रजी

कारंजा (लाड),
१२ सप्टेंबर १९७४

तीर्थस्वरूप दौलतरावमामांस,

भाचा जगदेव याचा वाकून नमस्कार (जिन्याखालच्या या खोलीत वाकल्याशिवाय दुसरं काही करताही येत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? सोजरमामींकडून तेल लावून घेता, की अजून स्वतःच दोनदा चोळून 'काही फरक नाही' म्हणता? पांढऱ्या बैलाचं शिंग दुखावलं होतं, ते बरं झालं असेलच. मी खुशाल आहे. 'आमचा जगदेव मास्तर म्हणून पक्का झाला' असं तुम्ही किन्हीराजात घरोघरी सांगून आलात, असं कानावर आलं. मामा, पक्का अजून झालेलो नाही. नेमणूक एका वर्षाची होती. ते वर्ष या महिनाअखेरीस संपतं, आणि पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं हे शाळेचे अध्यक्ष हुकूमचंद शेठजी ठरवणार आहेत. पण काळजी नसावी. मधे जरा कापाकापी झाली, तेवढी सांगतो.

त्याचं असं झालं, आठवीला कापण्याचे इंग्रजी शब्द शिकवायचे होते. एका कापण्यावर आपलं तरी कुठे भागतं? आपण भाजी चिरतो, ज्वारी सोंगतो, फांदी छाटतो, कापड कातरतो, आणि तुमच्या गावचा न्हावी डोक्याचं जे करतो त्याला भादरणं हाच शब्द आहे. इंग्रजाचंही तसंच. नुसतं कापलं तर कट, भराभर तुकडे केले तर चॉप, पातळ चकत्या काढल्या तर स्लाइस. उभं पीक असेल तर रीप, झाड असेल तर प्रून, आणि केसांची टोकं तेवढी उडवली तर ट्रिम. 'माझे केस चॉप करा' असं कोणी म्हटलं, तर विलायतेचा न्हावीसुद्धा दोन पावलं मागे सरेल. हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून मी खोलीवरून विळी नेली. खाली मांडली तर मागच्या बाकांना दिसेना, म्हणून टेबलावर चढून विळीवर बसलो (पँट घालून विळीवर बसणं हा वेगळा विषय आहे) आणि चिरायला घेतला तो नेमका कांदा. जैनांची शाळा, त्यात चातुर्मास चालू, आणि मास्तर टेबलावर उकिडवा बसून डोळे पुसत 'कट, चॉप, स्लाइस' ओरडतोय, अशा वेळी शेठजी दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, हे काय करून राह्यले?" त्यांनी शांतपणे विचारलं. शेठजी चिडत नाहीत, हीच त्यांची भीती आहे. मी उतरलो, शब्द शिकवतोय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कांद्याचं जाऊ द्या. पण आमच्या घरी कापा-चिरा असं तोंडातूनच निघत नाही. भाजी बी आमी कापत नाही, सुधारतो." ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या पत्नी सुंदरबाई दुधी घेऊन बसल्या, तरी 'भाजी सुधारून राह्यली' म्हणतात. कापणं म्हटलं की हिंसा आली, म्हणून शब्दसुद्धा जपून वापरायचा. मला हे मनापासून आवडतं. पण पुढे त्यांनी विचारलं, "मंग सुधारण्याले इंग्रजीत काय म्हणता?" इथे माझी चूक झाली. खरं ते सांगता आलं असतं. पण डोळ्यांपुढे महिनाअखेर उभी राहिली आणि मी म्हणालो, "इम्प्रूव्ह." शेठजी म्हणाले, "मंग तेच शिकवा." घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तेच शिकवलं.

पोरं हुशार, हा आणखी एक त्रास. एक शब्द पाठ केला की सगळी कापणी होते म्हटल्यावर त्यांनी तो फार प्रेमाने पाठ केला. गेल्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले आणि वाक्यं करा म्हणाले. पहिला पोरगा उठून म्हणाला, 'द बार्बर इम्प्रूव्हड माय फादर.' साहेब हसले. दुसरा म्हणाला, 'वुई इम्प्रूव्ह ज्वारी विथ अ सिकल.' साहेब हसायचे थांबले. आवारातलं कडुनिंबाचं झाड मागच्या उन्हाळ्यात तोडलं, त्याचा खुंट खिडकीतून दिसतो. साहेबांनी तिकडे बोट करून, या झाडाचं काय झालं, असं इंग्रजीत विचारलं, तर चाळीस पोरं एका सुरात ओरडली, 'सर, दे इम्प्रूव्हड इट!' साहेब बराच वेळ खुंटाकडे बघत राहिले, मग तितकाच वेळ माझ्याकडे. जाताना शेरेबुकात लिहून गेले, 'इंग्लिश टीचिंग नीड्स इम्प्रूव्हमेंट.'

शेठजींनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि गंभीर झाले. "साहेब लिहून गेले, इंग्रजी सुधारा. म्हणजे मास्तर, तुमचं कसं करावं?" आता बघा माझी पंचाईत. त्या शब्दाचा अर्थ त्यांना मीच दिलेला. 'शेठजी, तसा अर्थ नाही' म्हणावं तर वर्गाला खोटं शिकवलं म्हणून जाणार, गप्प बसावं तर साहेबांनीच कापायला सांगितलं म्हणून जाणार. मी शेरेबुक मिटून कपाटात ठेवलं.

एवढंच. बाकी उत्तम. मामींना नमस्कार सांगा, बैलाच्या शिंगाला हळद लावत जा.

तुमचा भाचा,
जगदेव

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात शाळेचे कारकून रामसिंग कमिटीचा हुकूम देऊन गेले. इंग्रजीत टाइप केलेला, एकच ओळ: 'युअर सर्व्हिस इज इम्प्रूव्हड फ्रॉम फर्स्ट ऑक्टोबर.' मामा, मला ठेवलं की काढलं? रामसिंगच्या मागे रस्त्यापर्यंत धावलो, तर ते म्हणतात, "मले काहून विचारता? शेठजी बोलले, मास्तराचं सुधारून टाका. मी टाकलं." आता खरं लिहितो. हे पत्र मुळात तुम्हाला बोलवायलाच घेतलं होतं आणि बैलाच्या शिंगात अडकून राहिलं. तुमचा मूग शेठजींच्याच अडतीवर येतो, ते तुम्हाला मानतात. सोमवारच्या एस.टी.नं या आणि त्यांना सरळ विचारा. गुडघा दुखत असला तरी या. मला ही शाळा सोडायची नाही, मामा. ही पोरं मला फार आवडतात.

आणखी ता. क. (दि. १३) पत्र अजून खिशातच आहे. येऊ नका, गुडघा सांभाळा. शेठजींची नात प्रेमा आठवीतच शिकते. आज प्रार्थनेनंतर व्हरांड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कोणी ऐकत नाही ना म्हणून दोन्हीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "सर, माय ग्रँडफादर विल नॉट कट यू." मग तोंडावर हात ठेवून पळाली. मी तिथेच उभा राहून वाक्य तपासलं. कर्ता, काळ, क्रियापद, सगळं बरोबर होतं. नोकरी राहिली हे माझ्या लक्षात दुसरी घंटा झाल्यावर आलं.